ताणाच्या दिवसांत पोटातील अल्सर कसा टाळावा

परीक्षा जवळ आल्यावर सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या अभियंत्याच्या पोटात जळजळ सुरू झाली, की टेन्शनमुळे पित्त वाढले असे घरच्या घरी ठरवले जाते आणि एखादी अँटासिड गोळी घेऊन विषय संपवला जातो. जळजळ पुष्कळदा तेवढ्याने शमतेही. अल्सर मात्र वेगळा असतो. तो जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेला खोल व्रण असतो, आणि बहुतेक रुग्णांत त्याच्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या यांपैकी एक कारण सापडते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये या जंतूचा छडा लावला आणि २००५ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी अल्सरचे खापर प्रामुख्याने ताण आणि आम्ल यांच्यावर फोडले जात असे.

याचा अर्थ ताण निर्दोष ठरला असा नाही. जपानमधील कोबे परिसरात १९९५ च्या भूकंपानंतर अल्सरचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. रोजच्या ताणाचे बरेचसे काम मात्र आपल्याच हातून होते, कारण ताणात माणूस जेवण टाळतो, झोप कमी करतो, सिगारेट वाढवतो आणि डोके दुखले की गोळी घेतो. ताण कमी करण्याचा सल्ला देणे सोपे असले, तरी परीक्षेची तारीख किंवा प्रकल्पाची मुदत आपल्या हातात नसते. म्हणून जे हातात आहे त्यापासून सुरुवात करावी.

सर्वांत आधी गोळ्यांचा हिशेब तपासावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे दुखणे थांबते, पण जठराच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्मा टिकवून धरण्याचे कामही हीच द्रव्ये करत असल्यामुळे ते संरक्षण दुबळे होते. हा परिणाम रक्तावाटेही होत असल्याने गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. इंजेक्शनलाही तीच गोष्ट लागू पडते. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला ॲसिक्लोफिनॅक असते, म्हणून पाकिटावरील ठळक नाव न पाहता खालचे घटक वाचावेत. महिनाभर प्रत्येक गोळीची नोंद दिनदर्शिकेवर करावी; आठवड्यातून दोन-तीन वेळा गोळी लागत असेल, तर डोकेदुखीचे मूळ झोपेत, चष्म्याच्या नंबरात की चहाच्या कपांत आहे ते डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. साध्या दुखण्याला नुसते पॅरासिटामॉल पोटासाठी अधिक सुरक्षित असते, परंतु प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा विकार किंवा मद्यपान असल्यास ही मर्यादा त्याहून कमी असते. ज्येष्ठांनी, पूर्वी अल्सर झालेल्यांनी, तसेच स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊच नये. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते परस्पर बंदही करू नये. सोबत आम्ल कमी करणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारावे.

पोटाच्या वरच्या भागातील दुखणे काही आठवडे पुन्हा पुन्हा येत असेल, तर जंतूची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे हा संसर्ग सामान्य आहे, बहुधा बालपणीच होतो आणि अनेकांना आयुष्यभर त्रासही देत नाही. तपासणी श्वासाची किंवा शौचाच्या नमुन्याची असते. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी तपासणीपूर्वी साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. उपचार बहुधा १४ दिवसांचा असतो आणि तोंड कडू होते म्हणून तो मध्येच सोडणे महागात पडते. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करणारी तपासणी व्हावी. नेमकी हीच पायरी बहुतेक जण टाळतात.

खाण्याविषयी थोडक्यात सांगता येते. तर्रीदार मिसळीवर होणारा आरोप बहुतांशी अन्यायाचा आहे. तिखटाने आधीची जळजळ वाढू शकते, पण त्याने अल्सर होतो असे दिसत नाही. थंड दूधही क्षणभराचाच दिलासा देते, कारण नंतर त्यामुळेच आम्लाचा स्राव वाढतो. मेसची वेळ चुकणारच असेल, तर पोळी-भाजीचा डबा जवळ ठेवावा आणि उपाशीपोटी चहावर चहा घेणे टाळावे. टपरीवर चहाच्या जोडीला पेटणारी सिगारेट मात्र खरी अपराधी आहे: ती अल्सरचा धोका वाढवते, भरून येणे लांबवते आणि तो परत येण्याची शक्यताही वाढवते.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, एकाएकी उठलेली असह्य पोटदुखी किंवा घेरी यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तसेच असेल असे गृहीत धरू नये. कारण नसताना वजन घटणे, गिळताना अडकणे किंवा उतारवयात प्रथमच असा त्रास सुरू होणे, ही लवकर एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून जठराची आतून तपासणी) करून घेण्याची कारणे आहेत.

वैद्यकशास्त्र ज्याला ‘स्ट्रेस अल्सर’ म्हणते, तो मनाच्या ताणाचा नसून शरीरावर आलेल्या संकटाचा असतो. मोठे भाजणे, मेंदूला गंभीर इजा, रक्त गोठण्यातील बिघाड किंवा ४८ तासांहून अधिक काळ कृत्रिम श्वसनयंत्रावर असणे अशा स्थितीत जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटून व्रण पडतात. म्हणून अतिदक्षता विभागात अशा रुग्णांना आम्ल कमी करणारे औषध देतात आणि शक्य तितक्या लवकर नळीवाटे अन्न सुरू करतात. घरी सोडताना हेच औषध यादीत राहिलेले आढळले, तर ते किती दिवस घ्यायचे हे नातेवाइकांनी विचारून कागदावर लिहून घ्यावे, कारण गरज संपल्यावरही ते वर्षानुवर्षे चालू राहिल्यास बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांची कमतरता होऊ शकते.