स्नो ब्लोअर घेताय? आधी चूट तुंबली की काय करायचं ते शिका

स्नो ब्लोअर म्हणजे दारातला, रस्त्यावरचा बर्फ ओढून लांब फेकणारं मशीन. कुठला घ्यायचा ते खाली सांगतोच, पण आधी हे वाचा, कारण बोटं तुटायचे अपघात बहुतेक इथंच होतात. बर्फ ओला आणि जड असला की तो बाहेर फेकणारी नळी, म्हणजे चूट, तुंबते आणि माणूस घाईघाईत इंजिन बंद करून सरळ आत हात घालतो. इंजिन बंद म्हणजे धोका संपला असं वाटतं ना, तेच चुकतं. पातं फिरवणाऱ्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) आणि पात्यात ताण साठलेला असतो, अडकलेला बर्फ सुटला की पातं झटक्यात फिरतं, पूर्ण फेरासुद्धा नाही, पण बोटं जायला तेवढं पुरतं.

म्हणून क्रम पाठच करा. इंजिन बंद, चावी काढून खिशात (बॅटरीवाला असेल तर बॅटरी काढा, वायरवाला असेल तर प्लग), सगळं फिरायचं पूर्ण थांबू द्या, मग मशीनवरच अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या दांडीने चूट मोकळी करा. दांडी हरवली असेल तर झाडूचा दांडा घ्या. हात नाही, जाड ग्लोव्हज घातले असले तरी नाही.

आता कुठला घ्यायचा. सिंगल स्टेजमध्ये एकच रबरी पातं असतं, तेच जमीन खरवडतं आणि तेच बर्फ फेकतं. हलका असतो, ७-८ इंचांपर्यंतच्या बर्फाला आणि डांबरी किंवा काँक्रीटच्या छोट्या जागेला छान. पण खडीवर चालवू नका, दगड गोळीसारखे उडतात. टू स्टेजमध्ये पुढचं लोखंडी पातं बर्फ आत ओढतं आणि मागचा पंखा तो फेकतो, चाकं स्वतः ओढतात, फूटभर बर्फ असला तरी जातो, आणि खाली दोन्ही बाजूंना स्किड शू (जमिनीवर घसरत जाणारे तळवे) असतात ते खाली सरकवून पुढचा भाग वर उचलला की खडीवरपण चालतो. माझं मत विचाराल तर बर्फ किती पडतो याच्याइतकंच रस्ता साफ करणारी मोठी गाडी तुमच्या गेटसमोर किती ढीग लावून जाते तेपण बघा, कारण तो ढीग दगडासारखा घट्ट असतो आणि छोट्या इलेक्ट्रिक मशीनचा तिथं जीव जातो.

चालवायच्या आधी, शक्यतो बर्फ पडायच्या आधीच, जागेवरून पायपुसणी, पाण्याचा पाइप, खेळणी, वर्तमानपत्र सगळं उचला, बर्फाखाली काही दिसत नाही. पेट्रोल इंजिन थंड असतानाच आणि बाहेर भरा. गॅरेजमध्ये मशीन चालू करून गरम करत ठेवायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सैल मफलर, लोंबणाऱ्या नाड्या नकोत, कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा हवाच. वायरवाला असेल तर बाहेर वापरायचीच एक्स्टेंशन घ्या आणि ती सतत आपल्या मागे राहील असं बघा.

साफ करताना मधून सुरुवात करून दोन्हीकडे फेकत गेलं की तोच बर्फ दोनदा उचलावा लागत नाही. वारा जिकडे जातोय तिकडे फेका, नाहीतर सगळा तोंडावर येतो, आणि चूट कधीच माणसांकडे, गाड्यांकडे किंवा खिडक्यांकडे नको. ओल्या बर्फात इंजिन फुल ठेवा, चाल हळू ठेवा आणि मशीनच्या रुंदीच्या अर्धाच बर्फ घ्या, तुंबणं बरंच कमी होतं. खूप पडणार असेल तर सगळा थांबायची वाट न बघता मध्येच एकदा फिरवून घ्या. हँडलवरचा लिव्हर सोडला की पातं थांबतं, तो दोरीने बांधून ठेवणारे लोक बघितलेत, कृपा करून तसं करू नका.

काम झालं की मिनिटभर पातं मोकळं फिरवा, आतला बर्फ आणि पाणी उडून जातं, नाहीतर रात्रीत सगळं गोठून बसतं.

देखभालीत शिअर पिन समजून घ्या. पात्यात दगड किंवा जाड फांदी अडकली की ही पिन मुद्दाम तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी हार्डवेअरमधला साधा बोल्ट टाकला की तो तुटत नाही, मग गिअरबॉक्सच तुटतो. कंपनीच्या दोन-चार पिना घरात ठेवा आणि बदलताना चावी काढून स्पार्क प्लगची वायरपण काढा. ऑइल दर वेळी तपासा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना बदला. स्किड शू आणि खालची खरवडायची पट्टी झिजली का बघा, दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर मशीन एकीकडे ओढतं. चूटमध्ये सिलिकॉन स्प्रे मारला की बर्फ कमी चिकटतो.

सीझन संपला की टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका, ते शिळं होऊन कार्बोरेटर चिकट करतं, आणि पुढच्या पहिल्या बर्फाला मशीन चालूच होत नाही ते बऱ्याचदा यामुळेच. एकतर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध) टाकून थोडा वेळ इंजिन चालवा म्हणजे ते आतपर्यंत पोचेल, किंवा टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. बॅटरी असेल तर काढून घरात कोरड्या जागी ठेवा. पट्ट्याला चिरा पडल्यात का तेही तेव्हाच बघून घ्या, नवा पट्टा उन्हाळ्यातच आणून ठेवलेला बरा, पहिलं वादळ आलं की सगळेच एकदम शोधत असतात.