अमली पदार्थाचा परिणाम कसा ओळखावा आणि तेव्हा काय करावे

घरातील कोणी नशेच्या आहारी गेल्याचा संशय आला, की बहुतेक जण आधी खिसे आणि कपाटे तपासू लागतात. त्यापेक्षा त्या माणसाकडे नीट पाहावे, कारण कोणता पदार्थ घेतला आहे यावरच पुढचे उपाय ठरतात.

सुरुवात डोळ्यांपासून करावी. हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन अशा अफूवर्गातील पदार्थांमुळे बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात आणि माणूस बसल्या जागी पेंगतो. कोकेन किंवा मेथॅम्फेटामाइनसारख्या उत्तेजकांनी नेमके उलटे घडते: बाहुल्या विस्फारतात, नाडी जोरात चालते, भूक आणि झोप उडते. अशा माणसाच्या छातीत दुखू लागले, तर तो कितीही तरुण असला तरी तातडीने रुग्णालय गाठावे, कारण कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. गांजाने डोळे लाल होतात आणि तोंडाला कोरड पडते. मात्र नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो, त्यामुळे केवळ अहवालावरून तो आज नशेत आहे असे ठरवू नये. थिनर किंवा गोंद हुंगणाऱ्याच्या कपड्यांना उग्र वास येतो. त्याला हुंगताना पाहिले तर ओरडू नये, पाठलागही करू नये. अशा वेळी दचकल्याने हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो.

सर्वांत मोठा धोका श्वास मंदावण्याचा असतो. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. अफूवर्गातील पदार्थाची मात्रा जास्त झाली, की श्वासांमधले अंतर वाढत जाते, घशातून घरघर येते आणि ओठ निळसर पडतात. ‘गाढ झोपला आहे, घोरतो आहे’ असे समजून घरचे दिवा मालवून निघून जातात, आणि नेमका इथेच घात होतो. हाक मारून, खांदा हलवूनही तो जागा झाला नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असेल तर वरचा गुडघा पुढे दुमडून त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही; श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा. नॅलॉक्सोन हे अफूवर्गातील पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध उपलब्ध असेल तर ते द्यावे, पण त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी त्याला एकटे सोडू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर हा धोका अनेक पटींनी वाढतो.

व्यसन सोडवतानाही असाच विचार करावा लागतो. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याला खोलीत कोंडून ती एकदम बंद करणे मला अत्यंत घातक वाटते: काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रमिष्टपणा येऊन जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. हेरॉइन सोडताना अंगदुखी, जुलाब आणि तळमळ असह्य होते, पण त्याहून धोक्याचा काळ नंतर येतो. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा आता जीवघेणी ठरते, ही गोष्ट उपचार घेऊन घरी परतणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी.