समसीमान्त उपयोगितेचं गणित: या चुका टाळा

दोन वस्तूंची सीमान्त उपयोगिता (आणखी एक नग घेतल्यावर मिळणारं जादा समाधान) सारखी झाली की ग्राहकाचा समतोल (हाताशी असलेल्या पैशांत जास्तीत जास्त समाधान) साधला, असं उत्तरपत्रिकेत दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. मेहनत घेतलेली असते, फक्त ती उपयोगिता आधी किमतीने भागून मग जुळवायचं राहून जातं.

आकडे घेऊनच पाहा. 'अ'ची किंमत २, 'ब'ची १, हाताशी ९. 'अ'च्या एकेका नगाची सीमान्त उपयोगिता २०, १६, १२, ८, ४. 'ब'ची ८, ७, ६, ५, ४. नुसती सीमान्त उपयोगिता जुळवली तर 'अ'चे ४ नग आणि 'ब'चा १, दोन्हीकडे ८. पैसेही बरोबर ९ संपतात, म्हणून चूक लक्षातच येत नाही. एकूण उपयोगिता ६४.

आता 'अ'चे आकडे २ ने भागा: १०, ८, ६, ४, २. 'ब'ची किंमत १, तेव्हा तिचे आकडे तेच. दोन्हींचे ३-३ नग घेतले की दोन्हीकडे ६ येतात. खर्च तोच ९, एकूण उपयोगिता ६९. हे ५ आले कुठून? 'अ'चा चौथा नग २ मोजून ८ देतो; त्याच २ मध्ये 'ब'चा दुसरा आणि तिसरा नग मिळून १३ देतात. जर्मन अर्थशास्त्रज्ञ हर्मन हाइनरिख गोसेन यांनी १८५४ साली मांडलेल्या नियमाचं मर्म या अदलाबदलीतच आहे. ती एकदा स्वतः कागदावर करा.

गुणोत्तरं, म्हणजे किमतीने भागून आलेले आकडे, जुळली म्हणून लगेच थांबू नका. 'अ'चे ४ आणि 'ब'चे ५ घेतले तरी दोन्हीकडे ४ येतात, पण खर्च होतो १३. आणि भागायची ती सीमान्त उपयोगिता, एकूण नव्हे.

दिशेचा घोळही नेहमीचा. ज्या वस्तूचं गुणोत्तर मोठं, ती कमी करायची नसते, वाढवायची असते. नग वाढले की सीमान्त उपयोगिता घटते आणि गुणोत्तर आपोआप खाली येतं.

गुणोत्तरं जुळतच नसतील तर खोडाखोड करू नका. सगळ्यात मोठ्या गुणोत्तराचा नग आधी, मग त्याखालचा, असं पैसे संपेपर्यंत उतरत जा. वरच्या उदाहरणात हाताशी फक्त २ असते, तर 'अ'चा एक नग घेऊन ते संपले असते. १० आणि ८ जुळत नाहीत, 'ब' शून्य, तरीही उत्तर बरोबर.