साहेबांबरोबर जेवायला जाताय? बिल शेवटी माझ्याकडेच येतं

भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात मी एकवीस वर्षं आहे. साहेबलोकांच्या जेवणाची बिलं पास करणं हे माझं काम. त्यामुळे कोण काय जेवलं, कितीला उठलं, शेवटी कुणी एकट्यानेच आइस्क्रीम मागवलं, हे मी तिथे नसतानाही मला कळतं. पाच जणांचं व्हेज आणि एकच तंदुरी पापलेट दिसलं की मी आधी तारीख बघते. गुरुवार, तोही मार्गशीर्षातला. मग त्या टेबलावर पापलेट आलं तेव्हा कोण कुणाकडे बघत होतं, हे काही वेगळं सांगावं लागत नाही.

दरवर्षी दोन-तीन ट्रेनी येतात आणि पहिल्या टीम डिनरच्या दुपारी माझ्या टेबलाशी घुटमळतात. “मॅडम, काटा कुठल्या हातात धरायचा?” काट्याचं सोडा हो. उजव्या हाताने जेवा, भाकरी असेल तर हातानेच मोडा. सुरीने भाकरी कापणारा एक इंजिनियर मी पाहिलाय, आणि समोर बसलेला जर्मन पाहुणा ती हाताने मोडत होता. एकच सांभाळा: खरकट्या हाताने वाढून घेऊ नका. डाव डाव्या हातात धरा, आणि आपला उष्टा चमचा सगळ्यांच्या भाजीत घालू नका. कोणी बोलणार नाही, पण पलीकडची बाई पुन्हा त्या भाजीला हात लावणार नाही.

खरी परीक्षा मेनूकार्ड हातात आल्यावर. साहेब म्हणतात, “मागवा, काय हवं ते मागवा.” हे वाक्य शब्दशः घ्यायचं नसतं. “सर, तुम्ही काय घेताय?” असं विचारा आणि त्याच्या आसपासच्या किमतीचं मागवा. सगळ्यात महाग नको, आणि संकोचाने नुसता टोमॅटो सूपही नको. त्याने यजमानच अवघडतो.

आता माझी स्वतःची फजिती. २००५ साल, नोकरीचं पहिलं वर्ष, कॅम्पातलं हॉटेल. मी कधी सिझलर खाल्लं नव्हतं, म्हणून हौसेने मागवलं. मोठे साहेब एक ऑर्डर हातची कशी गेली ते हळू आवाजात सांगत होते, आणि त्याच क्षणी वेटर तो फुसफुसणारा, धुराचा लोट सोडणारा तवा घेऊन थेट माझ्यापुढे. साहेब थांबले. सगळे थांबले. माझ्या चष्म्यावर वाफ. तवा गप्प व्हायला आणि घास तोंडात घालण्याइतका निवायला बराच वेळ लागला, आणि तोवर बाकीच्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. तेव्हापासून माझा नियम: बोलता बोलता खाता येईल तेच मागवायचं. सिझलर नको, खेकडा नको, मटणाची नळी नको. नळी चोखायचं सुख रविवारी घरच्यांबरोबर.

टेबलावर कोण काय खात नाही, हे आधी माहीत करून घेणं हे मला कुठल्याही काट्याचमच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे निम्मं ऑफिस कुठल्या ना कुठल्या वाराला काहीतरी खात नाही. कुणाचा मंगळवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. श्रावणात तर विचारूच नका. जैन सहकारी असेल तर कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, आणि चातुर्मासात बरेचजण सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. त्यांना रात्री साडेआठला बोलावून वर “अहो, काहीतरी घ्या ना” म्हणण्यात काय अर्थ आहे? रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला धरून बुकिंग करा. बुकिंग करणारे तुम्ही असाल तर चार फोन फिरवा, झालं.

एका संकष्टीला आमचे स्टोअर्सचे सुपरवायझर लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. स्टार्टर्स आले, गेले. कुणीतरी आग्रह सुरू केला, “एक तरी घ्या, बाप्पा रागावत नाही.” सुपरवायझर कसंनुसं हसले. तेव्हाच्या साहेबांनी फक्त विचारलं, “आज चंद्रोदय किती वाजता?” कालनिर्णयात छापलेला असतोच, कुणाच्या तरी मोबाइलवर लगेच मिळाला, नऊ वाजून गेल्यावरचा. साहेबांनी वेटरला बोलावून मेन कोर्स सव्वानऊनंतर आणायला सांगितलं आणि पुन्हा क्रिकेटवर बोलायला लागले. ते साहेब कंपनी सोडून गेले, पण सुपरवायझर तो चंद्रोदय अजून सांगतात.

त्यावरून आठवलं, आग्रह. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह शोभतो. ऑफिसच्या टेबलावर एकदा विचारावं आणि नको म्हटलं की सोडावं. दारूच्या बाबतीत तर एकदाही आग्रह नको. पीत नसाल तर “मला फ्रेश लाइम सोडा” एवढंच म्हणा. औषध चालू आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, असल्या कहाण्या नकोत. पीत असाल तर महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि व्हिस्की-रमला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, हे ट्रेनींनी लक्षात ठेवावं. आणि साहेबांच्या आधी दुसरा पेग नाही.

बसण्याचं सांगायचं तर साहेबांशेजारची खुर्ची नेहमी रिकामी राहते आणि उशिरा येणाऱ्याला मिळते. म्हणून वेळेवर जा. पण मिळालीच, तर ती संधी पगारवाढ काढायला वापरू नका. अप्रेझल, रजा, जे आले नाहीत त्यांची उणीदुणी, हे तिन्ही विषय घरी ठेवून या. फोन पालथा टेबलावर नाही, पर्समध्ये किंवा खिशात.

थाळीच्या हॉटेलात गेलात तर वाढपी सारखा येत राहतो. ताटावर आडवा हात धरला की त्याला कळतं, ओरडायची गरज नसते.

ड्रायव्हरचं कोण बघतं? कंपनीची गाडी असेल तर आत शिरतानाच स्टुअर्डला सांगा की त्यांचं जेवण याच बिलात, आणि काय हवं ते त्यांनाच विचारा. आपण उठल्यावर उरलेलं पॅक करून त्यांच्या हातात देणं, हे मला अजिबात चालत नाही. हात न लागलेल्या रोट्या असतील तर ज्याला हव्यात त्याने खुशाल न्याव्यात, लाजू नये.

आता बिल. साहेबांनी बोलावलं असेल तर साहेब देतात. पाकिटाकडे हात नेण्याचं नाटक करू नका, “थँक यू सर” पुरे. आपापसात गेला असाल तर टीटीएमएम, तुझं तू माझं मी, आणि आपल्या वाट्याचे पैसे त्याच रात्री यूपीआयने टाका. महिनाभर मागायला लावणारा माणूस मला बिलावरूनच ओळखू येतो. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर टेबलावर वाद नको. तो आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. पण हे काउंटरवर जाऊन हळू आवाजात सांगा, साहेबांसमोर कायदा काढून बसू नका.

बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर हवा म्हणून वेटरला वीस मिनिटं ताटकळत ठेवणाऱ्यांना एक सांगते: जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे अशा जेवणावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, आपल्याला मिळतच नाही. नंबर असला तर उत्तम, नसला तर आभाळ कोसळत नाही. मला हवी असते ती यादी. बिलाच्या मागे, पेनाने, कोण कोण होतं ते लिहा, ड्रायव्हरचं नाव धरून. आणि लगेच झेरॉक्स काढा, कारण त्या थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडू शकते. सोमवारी अकराच्या आत माझ्या टेबलावर.