गहू गोठवा, मग मोड आणा

प्रोजेक्टच्या दिवसांत बारावीतलं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, थंडीनं एन्झाइम मरतं का?" नाही. ते उकळल्यावर मरतं. थंडीनं अंकुर मरतो, तोही दाणा ओला असेल तर. घरच्या फ्रीजवर हे तपासता येतं.

वाण्याकडचा लोकवन गहू आणा. मंडईजवळच्या दुकानातलं पेरणीचं बी नको. त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि आपण ते घरच्या खलबत्त्यात कुटणार आहोत.

पन्नास-पन्नास दाण्यांच्या तीन डब्या करा. पहिली कोरडी, बाहेरच. दुसरी कोरडीच, पण फ्रीझरमध्ये. तिसरीतले दाणे रात्रभर भिजवून, निथळून फ्रीझरमध्ये. दोन दिवस पुरेत, फक्त मध्ये गुरुवार नको. दुरुस्तीसाठी वीज गेली की सगळं ओम् फस्. चिठ्ठीही लावा, नाहीतर घरात कुणीतरी त्या भिजल्या गव्हाचा कुरडयांसाठी चीक काढेल.

डब्या बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, दाण्यांवर दव धरतं. मग कोरडे गहू रात्रभर भिजवा आणि तिन्ही गट ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवा. तिसऱ्याला मोड येणार नाहीत, आंबूस वास येईल. टाकू नका, तोच कामाचा आहे.

प्रत्येकातले 20 दाणे मोजून घ्या. वजनावर जाऊ नका, मोडांत पाणी जास्त असतं. 20 मिली गार पाण्यात कुटा, गाळा, वरची निवळ घ्या. 100 मिली पाण्यात 1 ग्रॅम कॉर्नफ्लोअर उकळून गार करा. या खळीच्या 5 मिलीत 1 मिली निवळ घाला. सगळ्या परीक्षानळ्या एकाच कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी पांढऱ्या बशीत एकेक थेंब घेऊन त्यावर पातळ आयोडीन टाका. निळा रंग म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. एन्झाइमनं तो तोडला की निळा कधी जातो, ती वेळ लिहा.

पहिल्या दोन गटांत फारसा फरक दिसू नये. कोरड्या दाण्यात साधारण 12 टक्केच पाणी असतं, त्याचा बर्फ होत नाही. बियाणं-पेढ्या उणे 18 अंशांवर बी ठेवतात ते याच बळावर. ओल्या दाण्यात बर्फाचे स्फटिक पेशींची पटलं फाडतात. मेलेला अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक पाठवत नाही, त्यामुळे अल्फा अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार होत नाही.

तरी तिसऱ्या गटाचा निळा रंग जांभळट झाला तर दचकू नका. स्टार्च तोडणारं दुसरं एन्झाइम, बीटा अमायलेज, दाण्यात आधीपासूनच असतं आणि गोठून टिकतं. वहीत "शून्य" न लिहिता "मंद" लिहा. शिवाय पहिल्या गटाची थोडी निवळ उकळून, गार करून चौथ्या नळीत घ्या. तिथला निळा हलला, तर आधी आयोडीन तपासा.