कामगाराच्या कंबरेला धक्का लागण्याआधी मालकानं काय करायचं

शिरोली एमआयडीसीत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली पहिली अकरा फेटलिंगला, म्हणजे फौंड्रीत धातू ओतून तयार झालेले नग (कास्टिंग) घासून साफ करायला. ज्या फौंड्रीत कंबर गेली तिथं चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं साधन होतं, पण साखळी अडकायची म्हणून ते कोपऱ्यात नुसतं लटकलेलं. आम्ही दोघं हातानंच कास्टिंग उचलायचो. म्हणून छोट्या वर्कशॉपच्या मालकांना हे सांगतोय.

इजा होईल इतकं जड वजन कुणालाही उचलायला, वाहायला लावायचं नाही, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्येच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता आली. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं ही तिच्यातही मालकाचीच जबाबदारी आहे. "गुडघ्यात वाकून उचल रे" एवढं सांगून ती फिटत नाही. कंबरपट्टे वाटूनही नाही.

आधी वजनकाटा घेऊन शॉपमध्ये फिरा. प्रत्येक नग तोला आणि क्रेटवर खडूनं आकडा लिहा. आमच्याकडं सगळे ज्याला "पंचवीसेक किलो" म्हणायचे, ती पंपाची बॉडी ४१ किलो भरली!

मग नग उचलणाऱ्या माणसाकडं दहा मिनिटं उभं राहून बघा. नुसतं वजन बघून भागत नाही. पोटाशी धरलेले वीस किलो आणि हात लांब करून धरलेले वीस किलो यात कंबरेला फार फरक पडतो. आमचा क्रेट जमिनीवर, ग्राइंडरचं टेबल पाठीमागं. शिफ्टला दीडशे नग, म्हणजे दीडशे वेळा वाकायचं आणि वाकलेल्या कंबरेतच वळायचं. पुढं मी सुपरवायझर झाल्यावर भंगारातल्या अँगलचा दोन फुटी स्टँड वेल्ड करून घेतला, क्रेट त्यावर ठेवला आणि टेबल शेजारी ओढलं. वाकणंही गेलं, वळणंही गेलं.

जिथं उचलणंच टाळता येतं तिथं ट्रॉली किंवा होइस्ट (वजन वर उचलायचं यंत्र) लावा. होइस्टवर किती वजन चालतं ते ठळक लिहा आणि वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून त्याची तपासणी करून घ्या. बंद पडलेला होइस्ट त्याच दिवशी दुरुस्तीला काढा, नाहीतर पोरं हात घालणारच. ठेकेदाराच्या पोरांनाही तुम्हीच शिकवायचं, मराठी येत नसेल तर हिंदीत, आणि प्रत्यक्ष उचलून दाखवून.

कुणी "कळ आली" म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा, डॉक्टरला दाखवा आणि अपघाताच्या रजिस्टरला तारीख-वेळेसह नोंद करा. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर लाभ तिथून मिळतो, नसेल तर भरपाई मालकानं द्यायची, आणि दोन्हीकडं ही नोंद लागते. माझी कळ कुणी लिहूनच घेतली नव्हती. दुखणं फौंड्रीतलंच आहे हे दाखवायला माझ्या हातात एक कागद नव्हता.