साइन-ऑफच्या आधी सीडीसीचं पान बघा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाचा गोव्यात साखळीला आमच्या घरी आला. एका हातात नेवऱ्यांचा डबा, दुसऱ्या हातात सीडीसी, म्हणजे खलाशाच्या बोटीवरच्या नोकरीची नोंदवही. "मामा, नऊ आणि नऊ अठरा. आता एबीचा अर्ज टाकतो." एबी म्हणजे एबल सीमन, डेकवरचा अनुभवी खलाशी; अठरा म्हणजे त्यासाठी लागणारे बोटीवरचे महिने.

मी चष्मा लावून पान उघडलं. पहिल्या बोटीवर १४ मार्च २०२२ ला साइन-ऑन (बोटीवर रुजू), २ डिसेंबरला साइन-ऑफ (कामावरून उतरला): ८ महिने १८ दिवस. दुसरीवर २० डिसेंबर २०२३ ते ३ सप्टेंबर २०२४: ८ महिने १४ दिवस. बेरीज १७ महिने २ दिवस. टोकाचे दिवस धरा की सोडा, अठरा भरत नाहीत. नऊ-नऊ महिने होते ते कराराच्या कागदावर. पहिल्या खेपेला रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, लवकर आला, दुसऱ्या खेपेला हाच चवथीच्या माटोळीच्या ओढीने लवकर उतरला. सी-टाइम मोजतात तो साइन-ऑन ते साइन-ऑफ. विमानाचं तिकीट दाखवून उपयोग नाही.

आणखी एक गोम. एबीच्या दाखल्याला एसटीसीडब्ल्यूप्रमाणे (खलाशांच्या ट्रेनिंग-दाखल्यांचे आंतरराष्ट्रीय नियम) डेकवरचे १८ महिने लागतात, मान्यताप्राप्त ट्रेनिंग केलेलं असेल तर १२. पण हे महिने नॅव्हिगेशनल वॉचचा, म्हणजे बोट चालवतात त्या ब्रिजवर पाळी करण्याचा, दाखला हातात आल्यानंतरचे. ट्रेनी म्हणून केलेली बोट तो दाखला मिळवण्यातच खर्ची पडते, ती इथे पुन्हा धरायची नाही. भाच्याने ती धरली नव्हती, तेवढी अक्कल होती.

माझं स्वतःचं घोडं अडलं होतं ते एका आकड्यापायी. साइन-ऑफच्या तारखेतला ३ गिरवून ८ केलेला, शेजारी कॅप्टनची सही नाही. मी गँगवेवर बॅग घेऊन उभा, खाली एजंटची लाँच हॉर्न मारतेय, अशा वेळी पान कोण बघतो? अर्जाच्या वेळी तो ८ कोणी मानेना. तोवर बोट विकली गेली होती, नाव बदललं होतं, कॅप्टन निवृत्त. जुन्या कंपनीचं पत्र यायला चार महिने लागले, आणि त्यात बोटीचं नाव नवंच. शेवटी आयएमओ नंबरावरून बोट तीच असल्याचं पटवलं. नाव, झेंडा, मालक काहीही बदलो, हा सात आकडी नंबर बोट भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

म्हणून बोटीवर चढल्या दिवशीच वहीत लिहा: बोटीचं नाव, आयएमओ नंबर, ग्रॉस टनेज, इंजिनाचे किलोवॅट, तुमचा हुद्दा, तारीख, बंदर. नंबर चुकला का ते पाहायची युक्ती आहे. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा नंबराच्या शेवटच्या आकड्याशी जुळायला हवा. समजा नंबर ९०७४७२९. गुणाकार ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९. शेवटी ९, नंबराच्याही शेवटी ९.

कॅप्टनचं सी-टाइमचं पत्र उतरायच्या आठवडाभर आधी, बोट नांगरावर निवांत असताना मागा. बंदरात तो तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. सहीखाली छापील नाव आणि बोटीचा शिक्का हवा. पुढे ऑफिसर व्हायचं असेल तर नुसतं 'एबी म्हणून काम केलं' एवढं पुरत नाही. त्या वाटेने ट्रेनिंग रेकॉर्ड बुक नसेल तर ३६ महिने लागतात, आणि ब्रिजवर ऑफिसरच्या देखरेखीखाली वॉच केल्याचे सहा महिने वेगळे दाखवावे लागतात. ते पत्रात तारखांसह लिहून घ्या.

नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, सीडीसी आणि पत्रात एकच हवं. आपल्याकडे जुन्या जन्मदाखल्यांवर आडनाव पोर्तुगीज वळणाचं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळंच, हा घोळ घरोघरी आहे. डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाज-खातं) सर्क्युलरं बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात साइटवर पुन्हा वाचा.

मांडवीकाठच्या आमोण्याची पोरं विचारतात, नदीतल्या बार्जवरची दहा वर्षं धरतील का? नाही. फक्त नदीत, अंतर्गत पाण्यात चालणाऱ्या बोटी एसटीसीडब्ल्यूत येत नाहीत. काळोखात मांडवीतला वाळूचा पट्टा ओळखणारा माणूस बोटीवर जाताना पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. मला ते बोचतं, पण खोटी आशा कशाला दाखवू?

भाच्याला दोन दिवस कमी एक महिना एवढा सी-टाइम कमी पडला. ऑक्टोबरात तो पुन्हा चढला. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला, खाली दोन शब्द: "गुणाकार जुळला."